सासूने उशीखाली ठेवलेलं मेडल मी परत केलं, चुकलं का माझं?

नागपूरच्या एका ताईचं पत्र आलंय, नाव देत नाही. माहेर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), सासर कॅथलिक, लग्नाला तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी एक गर्भपात झाला, आता पाचवा महिना आहे आणि डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितलीय. सासूबाईंनी गर्भवती बायका ज्याला हाक मारतात त्या संत जेरार्डची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली आणि त्याचं मेडल हिच्या उशीखाली ठेवलं. ही म्हणाली, "मम्मी, मी येशूशी डायरेक्ट बोलते, मेलेल्या माणसाकडे कशाला मागू?" आणि मेडल त्यांच्या हातात परत दिलं. तेव्हापासून मम्मी जेवण आणून देतात, पण बोलत नाहीत. हिचे बाबा फोनवर सांगून राहिले की बरोबर केलंस, ही मूर्तिपूजाच आहे. ती विचारतेय, माझं चुकलं का, आणि हे लोक संतांना मध्ये आणतातच कशाला?

बाई गं, आधी तब्येत सांभाळ. डॉक्टर उठ म्हणेपर्यंत उठायचं नाही, आणि या भांडणापायी रात्री जागायचं तर बिलकुल नाही.

आता तुझा प्रश्न. मी स्वतः कॅथलिक घरातली, त्यामुळे आमची बाजू आतून सांगते. तूच लिहिलंस की बाबांच्या चर्चमधल्या बायकांचा ग्रुप दर गुरुवारी तुझ्यासाठी प्रार्थना करतो आणि ते ऐकून तुला रडू आलं. तेव्हा तू त्यांना म्हणाली नाहीस नं, की मी डायरेक्ट बोलते, तुम्ही कशाला मध्ये येता? कारण तुला माहीत आहे की त्या मध्ये येत नाहीयेत, तुझ्या बाजूला उभ्या राहतायत. मम्मी जेरार्डला तेवढंच म्हणून राहिल्या की बाबा रे, आमच्या पोरीसाठी तूपण देवाला विनंती कर. बाळ द्यायचं काम जेरार्डचं नाही, देवाचं आहे, आणि हे तुझ्या सासूला तुझ्याइतकंच माहीत आहे.

खरं वाटत नसेल तर ईस्टरच्या आदल्या रात्री सदरच्या आमच्या कॅथेड्रलमध्ये येऊन संतांची लितानी ऐक, म्हणजे एकेक नाव घेऊन सगळ्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना. प्रभूचं नाव घेतलं की लोक म्हणतात "आम्हावर दया कर", आणि मरियेपासून पुढे एकेका संताचं नाव आलं की उत्तर बदलतं, "आमच्यासाठी विनंती कर". दया कोणाकडे मागायची आणि विनंती कोणाला करायला सांगायची, हे लहान पोरांनाही ऐकून ऐकून पाठ होतं.

बाबा बायबलमधलं १ तीमथ्य २:५ दाखवतात, देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. हे आम्हीही मानतो. पण त्याच अध्यायाची पहिली ओळ त्यांना वाचायला सांग, तिथे पौल म्हणतो की सगळ्या माणसांसाठी विनंत्या आणि मध्यस्थी करा. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी मागितल्याने ख्रिस्ताची जागा जात नाही, नाहीतर गुरुवारचा ग्रुपही बंद करावा लागेल.

खरा फरक पुढे आहे आणि तो मी लपवणार नाही. तुझे बाबा म्हणतील, गुरुवारच्या बायका जिवंत आहेत, जेरार्ड १७५५ मध्ये वारला, त्याला ऐकू कसं जाणार, आणि मेलेल्यांशी बोलू नका असं शास्त्रात लिहिलंय. आमचं उत्तर असं की आम्ही आत्मे बोलावून भविष्य विचारत नाही, आणि ख्रिस्तात मेलेला माणूस आमच्या लेखी मेलेला नाही, येशूच म्हणाला नं की देव मेलेल्यांचा नाही तर जिवंतांचा आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, स्वर्गातले वडीलजन धुपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या घेऊन आहेत आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. संतांना ऐकू जातं ते देवाच्या कृपेने, स्वतःच्या ताकदीने नाही. बाबांना हे पटणार नाही, आणि त्यांचा मुद्दा पोकळ आहे असं मी म्हणत नाही, चारशे-पाचशे वर्षं चाललेला वाद आहे, तो तुझ्या पलंगावर मिटायची गरज नाही. नागपुरात तर सीएनआयच्या कॅथेड्रलचं नावच ऑल सेंट्स आहे, म्हणजे संतांची आठवण दोन्हीकडे आहे, फक्त आम्ही त्यांना हाकही मारतो.

आणि तुझ्यावर जबरदस्ती नाही हं. आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये संतांना हाक मारणं "चांगलं आणि उपयोगी" म्हटलंय, प्रत्येकाने मारलीच पाहिजे असं नाही. त्यामुळे तू नोव्हेना म्हटली नाहीस तर बाळाला काही होईल असं कोणी म्हटलं तर ते सरळ खोटं आहे, मग ते मम्मींनी म्हटलं तरी. आमच्यातही काही लोक संताशी सौदा करतात, एवढं केलं की तेवढं दे, नाहीतर नऊ जणांना फॉरवर्ड करा म्हणतात, ते मला अजिबात आवडत नाही आणि चर्च तसं शिकवतही नाही.

जेरार्डच का, हेही तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तो इटलीतल्या एका शिंप्याचा मुलगा, मठातला साधा ब्रदर, एकोणतीसाव्या वर्षी गेला. सांगतात की एका घरी तो रुमाल विसरला, तिथल्या मुलीला म्हणाला राहू दे, कधीतरी कामी येईल, आणि पुढे तीच मुलगी बाळंतपणात अडली तेव्हा तिने तो रुमाल मागवला. तेव्हापासून पोटुशी बाया त्याला हाक मारतात.

आता पत्राच्या शेवटी तू कंसात एक ओळ लिहिलीस, की नवऱ्याच्या आधी मम्मींचं एक बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं, हे नवऱ्याने सांगितलं, त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीत आहे. ते मेडल बहुतेक नवीन आणलेलं नाहीये गं. तू परत दिलंस तेव्हा त्यांच्या हातात काय परत आलं ते बघ.

मेडल परत करणं चूक नव्हती, तुझा विश्वास तुझा आहे. "मेलेल्या माणसाकडे" हे लागलं त्यांना. आज जेवण घेऊन आल्या की ताट बाजूला ठेव आणि म्हण, "मम्मी, मी नाही म्हणणार ती प्रार्थना, पण तुम्ही इथे बसून म्हणा, मला ऐकायचंय." मेडल कुठे ठेवायचं ते मग तुम्ही दोघी बघा, त्यांच्या पर्समध्ये राहिलं तरी चालेल. आणि जमलं तर त्या बाळाचं नाव काय ठेवणार होते ते विचार.