मुरतं म्हणून हक्क मुरतो का?

तुम्ही विचारलंय की एका वादात माणूस जो मुद्दा हिरिरीनं मांडतो, तोच मुद्दा दुसऱ्या वादात समोरच्यानं मांडला की त्याला पटत नाही. हा निव्वळ दुटप्पीपणा समजायचा, की प्रत्येक वाद वेगळा म्हणून सोडून द्यायचं? तर्कशास्त्र मी शिकलेलो नाही. पण आमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडं येणाऱ्या पाटावर, हा प्रश्न एका रात्री माझ्यासमोर उभा राहिला होता, तेवढ्या बळावर लिहितो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. पैठणहून निघालेला हा कालवा २०८ किलोमीटरचा आणि आम्ही त्याच्या शेवटाकडचे. पाळी, म्हणजे ठरल्या क्रमानं मिळणारं कालव्याचं पाणी, सुटली म्हणून फोन आला तरी आमच्याकडं कुणी लगेच खोरं खांद्यावर घेत नाही. अशा गावात वाढलेल्या पोराला ‘हेड’ (कालव्याचं तोंड) आणि ‘टेल’ (शेवट) हे दोन इंग्रजी शब्द शाळेत जायच्या आधीच कळतात.

त्या वर्षी नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काठोकाठ भरलेला. रब्बीची पाळी चालू होती. आमच्या चारीवर माझे चुलते, अण्णा, यांचं शेत तोंडाशी आहे आणि अगदी शेवटाला एका म्हाताऱ्या माणसाचं, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं. मी सुट्टीत आलेलो, बॅटरी धरायला अण्णांबरोबर गेलो होतो. रात्रीचे दोन वाजले असतील, थंडी मरणाची. अण्णांची पाळी संपून दीड दिवस झालेला, तरी पाच एचपीची मोटार चारीत सोडलेली आणि पाणी उसाला चाललेलं. मामा चारीच्या कडेकडेनं चालत आले. त्यांच्या चपलांवर बॅटरीचा उजेड पडला तेव्हा दिसलं की तिथं नुसती धूळ आहे. पाळी ज्याची चालू आहे त्याच्या पायाला रात्री दोन वाजता धूळ नसते, चिखल असतो.

"अण्णा, गहू पिवळा पडायलाय माझा. पाळी माझी हाय."

अण्णा चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "मामा, तुमच्यापर्यंत जाईस्तोर निम्मं मुरतंय. चारीत गुडघाभर गवत, खेकड्यांची बिळं. तिथं मुरण्यापरीस इथं उसाला लागलं तर काय बिघडलं? वाया तर चाललं नाही ना?"

मामा थोडा वेळ पाण्याकडं बघत उभे राहिले. "हाव, मुरतंय खरं," म्हणाले आणि आल्या वाटेनं परत गेले.

आता २०२३. पाऊस कमी, जायकवाडी अर्ध्याच्या आसपास. वरच्या धरणांनी खाली पाणी कधी सोडायचं, याचा नियम ठरलेला आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. मेंढेगिरी समितीनं वाटपाचा हिशेब घालून दिला, २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश झाला आणि २०१६ ला उच्च न्यायालयानं तो मान्य केला. ढोबळ मानानं असं, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिककडच्या धरणांनी तूट वाटून घ्यायची. त्यानुसार ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला. नोव्हेंबर सरत आला तरी पाणी सुटेना. वरून जी कारणं यायची त्यातलं एक ठळक होतं: कोरड्या नदीतून सोडलेलं पाणी पैठणला पोचेस्तोवर वाटेतच मुरतं, मग ते वाया कशाला घालवायचं?

संभाजीनगरला रास्ता रोको होता. आमच्या गावातून एक जीप गेली, तीत अण्णा पुढं आणि मी मागं. वाटेत कुणीतरी मोबाइलवर वरच्या भागातल्या एका पुढाऱ्याचं हे मुरण्याचं बोलणं लावलं. अण्णा उसळून म्हणाले, "मुरतं म्हणून हक्क मुरतो का?"

काय वाक्य होतं! जीपमधल्या सगळ्यांनी उचललं. मी मागून अण्णांच्या मानेकडं बघत होतो. मला वाटलं, आता वळून बघतील, निदान थोडे चपापतील. काही नाही. आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय, की अण्णा नाटक करत नव्हते. तो मुद्दा आपण चारीवर उलटा वापरला होता हे त्यांना आठवतच नव्हतं. त्यांच्या डोक्यात जायकवाडीचा विषय ‘मराठवाड्यावरचा अन्याय’ या खणात होता आणि मामांचा विषय ‘चारीवरची कटकट’ या खणात. बहुतेकांचं असंच असतं. वाद आपण मुद्द्याप्रमाणं लावून ठेवत नाही, माणसांप्रमाणं लावतो. एका खणातला मुद्दा दुसऱ्या खणात नेऊन बघायची वेळ येतच नाही. म्हणून ‘ढोंग’ हा शब्द मी जपून वापरतो. ढोंगाला निदान दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात.

आता पुढची पायरी, जिथं बरेच जण घसरतात. अण्णांची मोटार नगरच्या एखाद्या शेतकऱ्याला कळली असती तर तो म्हणाला असता, "आधी तुमच्या टेलला पाणी द्या, मग आमच्याकडं मागा." टाळ्या पडल्या असत्या. पण जायकवाडीचा दावा त्यानं एका थेंबानंही कमी होत नाही. तो कायद्यावर आणि खोऱ्याच्या हिशेबावर उभा आहे, अण्णांच्या चारित्र्यावर नाही. टीव्हीवरच्या निम्म्या चर्चा इथंच संपतात. ‘तुमच्या काळात काय झालं होतं?’ एवढं विचारलं की मूळ मुद्द्याचं उत्तर दिल्यासारखं वाटतं, आणि ते दिलेलं नसतं.

शिवाय मुरण्याचा मुद्दा खोटा नाही. कोरड्या पात्रात पाणी सोडलं की बरंच वाटेत जातं, हे खरंच आहे. प्रश्न असा की त्यातून निघतं काय? पाणी एकदम आणि सलग सोडा, वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढा, तेवढे दिवस नदीकाठच्या मोटारींची वीज बंद ठेवा, हे सगळं त्यातून निघतं आणि पाणी सोडताना तसं करतातही. ‘म्हणून पाणी आम्हीच ठेवतो’ हे निघत नाही. चारीवरही तसंच. गवत गुडघाभर आहे, तर उद्या सकाळी दोघं मिळून चारी साफ करू, असं अण्णांना म्हणता आलं असतं. त्यांनी खऱ्या गोष्टीतून सोयीचं ते काढलं. माझ्या अनुभवात एकच युक्तिवाद दोन वादांत फिरतो तेव्हा गफलत अशीच होते. पहिलं वाक्य दोन्हीकडं खरं असतं, ‘म्हणून’ या शब्दाच्या पुढं घोळ असतो.

मग वाद खरंच वेगळे असतात तेव्हा? असतात की. त्यासाठी नांदेडला चला, धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावर. पैठणला आम्ही खालचे. बाभळीला मराठवाडाच वरचा आणि खाली आताच्या तेलंगणातलं श्रीरामसागर धरण, म्हणजे पोचमपाड. जे आम्ही नाशिकला म्हणत होतो तेच तेव्हाचा आंध्र आम्हाला म्हणाला, की वर अडवलंत तर आम्ही काय प्यायचं? २००६ ला ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन बंधाऱ्याकडं निघाले आणि त्यांना धर्माबादेत अटक झाली. तेव्हा आमच्याकडं पेपर वाचताना लोक म्हणायचे, "पाणी आपल्या हद्दीत पडतंय, यांचा काय संबंध?" शब्दाला शब्द नाशिकचा! मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मीही हेच म्हणालो होतो, हे कबूल करतो.

पण इथं फरक खरोखर दाखवता येतो. गोदावरीच्या वाटपाचा दोन राज्यांचा करार १९७५ चा आहे. पैठणच्या खाली महाराष्ट्राला नव्या वापरासाठी ६० टीएमसी त्यात ठरलेले आहेत. बाभळीची साठवण २.७४ टीएमसी. फेब्रुवारी २०१३ ला न्यायालयानं बंधारा ठेवू दिला, पण अट घातली: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे. म्हणजे सगळा पावसाळा पाणी खाली जाऊ द्यायचं आणि उरलेलं अडवायचं. शिवाय दर १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. धर्माबादकडचे शेतकरी अजून कुरकुरतात, की दरवाजे टाकायच्या वेळेला नदीत राहतं काय? त्यांची तक्रार मला रास्त वाटते, पण त्यांचा फरक कागदावर आहे, वाद पेटण्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याची किंमत ते स्वतः मोजतात. अण्णांचा फरक त्या रात्री, मोटार चालू असताना सुचला होता आणि त्याची किंमत मामांच्या गव्हानं मोजली. ‘आमचं प्रकरण वेगळं आहे’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच बघतो, की हा वेगळेपणा कधी सुचला आणि त्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतोय.

काही युक्तिवाद मात्र जराही न वाकता एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ ला सुरू झालं. तारखेसाठी नांदेडचा माणूस मुंबईला जातो, रात्रीचा प्रवास, लॉजचं भाडं आणि वर वकील म्हणणार पुढची तारीख पडली. न्याय एवढा लांब नसावा, हा मुद्दा होता. कोल्हापूरकर कितीतरी वर्षं हाच मांडत होते, ऑगस्ट २०२५ ला त्यांना सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, मिळालं. आपलं काम झालं म्हणून आम्हाला इथं नवा मुद्दा शोधावा लागला नाही. अर्थात, त्यांना मिळाल्यानं आमचं काही कमी होत नव्हतं, हेही आहेच.

घरातलं एक उदाहरण पटकन सांगून टाकतो. ‘शिकून तरी कुठं नोकऱ्या लागायल्यात?’ हे वाक्य आमच्या भावकीत मुलीच्या बाबतीत ऐकू येतं. त्याच घरातला मुलगा वावर विकून लातूरला क्लासला घातलेला असतो.

नावांच्या वादाला मात्र जरा थांबावं लागेल, कारण तिथं मी स्वतः सापडलो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. माझे वडील सांगतात, त्या सोळा वर्षांत पारावर एक वाक्य कायम असायचं: "नावानं काय पोट भरतंय का?" ऐकायला समंजस वाटतं. पण नावानं खरंच काही होत नसेल तर नावासाठी कुणाचं घर पेटत नाही. म्हणजे तो नुसता मांडायचा मुद्दा होता, विरोधाचं खरं कारण नव्हतं.

पुढं २०२३ ला शहरांची, जिल्ह्यांची नावं बदलली. तेव्हा चहाच्या टपरीवर मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "नाव बदलून नळाला पाणी येणारे का?" आणि म्हणता म्हणता जीभ अडखळली. विद्यापीठाचं नाव हा कुणाच्या तरी माणूसपणाचा प्रश्न होता असं मानणारा मी, मला हे वाक्य इथं वापरायची सोय नव्हती. नाव म्हणजे काहीच नसेल तर तेव्हाही नव्हतं. शहरांच्या नावांबद्दल माझं मत मी बदललं नाही, पण त्याला हा टेकू लावणं सोडलं. दुसरी कारणं शोधावी लागली आणि ती शोधताना एकदोन गोष्टींत समोरच्याचं खरं निघालं, ते एक झालं.

तेव्हा तुम्हाला दुसऱ्यांचा दुटप्पीपणा पकडायचा असेल तर त्याला फार अक्कल लागत नाही, वर्तमानपत्र पुरतं. स्वतःचा पकडायला दुसरं कुणीतरी लागतं. माझा अण्णांनी पकडला.

मी आता शहरात भाड्यानं राहतो, तळमजल्यावर. नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा धार बारीक. गेल्या उन्हाळ्यात अण्णा दवाखान्याच्या कामानं मुक्कामी आले होते. पहाटे पाणी आलं तसं मी उठून, सगळे करतात तशी, नळाच्या लाइनला थेट मोटार जोडली. अण्णा दारात उभे राहून दात घासत होते. मोटारीकडं बघितलं, मग जिन्याकडं मान वर करून विचारलं, "वर कोण राहतंय रे?"

"एक मास्तर आहेत. रिटायर."

"त्यांच्याकडं चढतंय का पाणी?"

मी म्हणालो, "अण्णा, लाइन जुनी आहे, वर जाईस्तोर तसंही प्रेशर..." आणि पुढचं बोललो नाही. अण्णा काहीच म्हणाले नाहीत. चूळ भरली आणि आत जाऊन चहा मागितला.