जुना स्पंज फेकू नका (दीड फुटी टाकीतून तीन फुटीत मासे हलवताना)

तुम्ही लिहिलंय की दीड फुटी टाकीतल्या ४ मॉली, ६ विडो टेट्रा, २ एंजल आणि १ सकर येत्या रविवारी तीन फुटी टाकीत हलवायचेत. नवी टाकी आधी चार दिवस नुसतं पाणी भरून चालवणार, त्यात निम्मं पाणी जुन्या टाकीचं घालणार, आणि नवा मोठा फिल्टर आलाय म्हणून जुना स्पंज फिल्टर काढून टाकणार. दुकानदारानेही असंच करायला सांगितलंय. ते स्पंजचं वाचलं आणि राहवलं नाही. माझे सगळ्यात जास्त मासे याच एका चुकीने आणि अशाच एका दुकानाच्या सल्ल्याने गेलेत.

स्टँड, लेव्हल, खालचं थर्माकोल, गळती बघायला टाकी एक दिवस भरून ठेवणं, हे तुम्हाला माहीत असेलच. थेट मुद्द्यावर येतो.

माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते चिकटून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. म्हणून जुनं पाणी कितीही नेलं तरी जिवाणू जवळजवळ जात नाहीत. नवी टाकी चार दिवस रिकामी चालवूनही ते तयार होत नाहीत, कारण त्यांना खायला अमोनियाच नसतो. त्या चार दिवसांत नळाच्या पाण्यातला क्लोरीन तेवढा उडतो, बाकी काही नाही. मग मासे सोडले की दोन-तीन दिवस सगळं छान दिसतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात.

उलट जुना स्पंज सोबत गेला तर हिशेब अगदी सोपा आहे. टाकी चौपट झाली तरी मासे तेवढेच, खाणं तेवढंच, म्हणजे अमोनियाही तेवढाच. आज जेवढे जिवाणू पुरतात तेवढेच तिथेही पुरतील. तेव्हा जुना स्पंज फिल्टर नव्या टाकीत नव्या फिल्टरच्या शेजारी किमान ६ आठवडे चालू ठेवा. दिसायला वाईट दिसतो, दिसू दे.

त्याच्या जोडीला आणखी एक करा. हलवायच्या दिवशी जुन्या टाकीचं पाणी मगभर घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदाच हलका दाबा. काळपट तपकिरी पाणी निघेल, दाट चहासारखं. वास घ्या. ओल्या मातीसारखा आला तर स्पंज जिवंत आहे. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा पोचत नव्हती, मग ते पाणी फेका. चांगलं पाणी नव्या फिल्टरच्या स्पंजवर ओता. टाकी तासभर गढूळ दिसेल, घाबरू नका, फिल्टर ते ओढून घेतो. स्पंज नळाखाली मात्र कधीच धुवायचा नाही. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतोच तो जंतू मारायला, आणि आपल्याला हवे असलेले जिवाणूही त्याने मरतात. पावसाळ्यात डोस वाढलेला असतो, तेव्हा तर नाहीच.

आता रविवारचं. शक्य असेल तर आठवडाभर पुढे ढकला. कारण दुसरा धोका पाण्यातल्या फरकाचा आहे. लहान टाकीत पाणी उडतं, आपण वरून भर घालतो, क्षार मात्र आतच साठत जातात. शिवाय जिवाणूंचं काम चालू असताना पाण्याची आम्ल झेलायची ताकद संपत जाते आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप, आकडा कमी तेवढं पाणी जास्त आम्ल) हळूहळू उतरतो. वर्षभर चाललेल्या टाकीत पीएच ६ आणि नळाला ७.५ असं सर्रास असतं. पीएच कमी असताना अमोनिया बहुतांश निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात, पीएच ८ असेल तर ५ टक्क्यांच्या वर. म्हणजे जुन्या पाण्यात निभावून गेलेला अमोनिया नव्या पाण्यात मिसळला की मासा भाजून निघतो. ‘निम्मं जुनं, निम्मं नवं’ याला माझा विरोध आहे तो यासाठी.

त्यापेक्षा नवी टाकी ज्या पाण्याने भरणार त्याच पाण्याने जुन्या टाकीचं २५ टक्के पाणी रोज बदला, सलग सहा दिवस. सहाव्या दिवशी ८० टक्क्यांहून थोडं जास्त पाणी बदललेलं असतं, मासे त्याला सरावलेले असतात आणि दोन्ही टाक्यांत फरक उरत नाही. क्लोरीनसाठी पाणी आदल्या दिवशी बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून ठेवा किंवा अँटी-क्लोरीन घाला. नव्या टाकीचा डोस मात्र पूर्ण टाकीच्या मापाने. ३६ × १५ × १८ इंचांची असेल तर काठोकाठ १६० लिटर, खडी आणि वरची जागा सोडून साधारण १३५ ते १४० धरा. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्याच, त्याशिवाय सगळं अंदाजपंचे होतं.

आठवडा थांबणं जमत नसेल तर ठिबक. मासे जुन्या पाण्यासकट बादलीत, नव्या टाकीतून बादलीत सोडलेल्या एअर पंपाच्या नळीला सैल गाठ, सेकंदाला ३-४ थेंब. बादलीतलं पाणी दुप्पट-तिप्पट होईपर्यंत, घाई नको. तापमानात २ अंशांहून जास्त फरक नको. बादलीतलं पाणी नव्या टाकीत ओतू नका. आणि बादली अशी हवी की जिला साबण किंवा फिनेल कधीही लागलेलं नाही.

हलवायच्या दिवशी खाणं बंद. आधी सजावट काढा, पाणी ४-५ इंचांवर आणा, मगच मासे धरा. भरल्या टाकीत जाळी घेऊन पाठलाग केला की मासे तिथेच अर्धमेले होतात. सकर जाळीने धरू नका, त्याच्या परांचे काटे अडकतात. प्लॅस्टिकच्या डब्यात हाकला. अडकलाच तर ओढू नका, जाळी कापा. एंजललाही डबाच बरा. स्पंज या सगळ्या वेळात ओला आणि हवेखाली ठेवा: जुन्या पाण्याच्या बादलीत एअर स्टोन. पिशवीत बांधून दोन-चार तास कोपऱ्यात ठेवला तर फेकल्यासारखाच झाला.

जुनी खडी मासे काढल्यावरच हलवा, तळाचा गाळ उसळला की पाणी खराब होतं. टाकीच्याच पाण्यात एकदा खळबळून दोन-तीन मुठी जाळीच्या पिशवीत भरा, नव्या टाकीत कोपऱ्यात ठेवा, महिन्याने काढा. मासे सोडल्यावर दिवसभर दिवा बंद. झाकण लावा, पहिल्या रात्री उड्या मारतात.

पुढचे दोन आठवडे खाणं निम्मं, एकदाच. अमोनिया आणि नायट्राइट पहिले दहा दिवस रोज तपासा. अमोनिया ०.५ पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) दाखवला की ४० टक्के पाणी बदला. नायट्राइट दिसलं तर तेच करा, आणि १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही.

दुकानातून मिळणारं निळं औषध आणि पिवळी पावडर ‘खबरदारी म्हणून’ घालू नका. मला मनापासून राग येतो या सल्ल्याचा. आजारच नसताना जिवाणू मारायचं औषध त्याच टाकीत, जिथे आपण जिवाणू जपतोय! वर मासे मेले की पुन्हा नवे मासे घ्यायला सांगतात. सगळे दुकानदार तसे नसतात, हेही खरं.

टाकी मोठी दिसते म्हणून नवे मासे लगेच आणू नका, दीड महिना थांबा. विडो टेट्रा एंजलचे पर कुरतडतात, मोठ्या टाकीत कमी होईल पण नजर ठेवा. सकर फूटभर वाढतो, तीन फुटीतही तो कायमचा मावणार नाही. नदी-तलावात सोडू नका, आपल्याकडच्या कितीतरी पाण्यांत तो असाच पसरलाय.

दीड फुटी टाकी विकू नका. सहा आठवड्यांनी स्पंज परत तिच्यात लावा आणि पुढे येणारा प्रत्येक नवा मासा आधी तीन-चार आठवडे तिथेच ठेवा.