बहिऱ्या आणि अपंग कवींसाठी वेगळी काव्यस्पर्धा कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे: ब्रिटनमध्ये फक्त बहिऱ्या आणि अपंग कवींसाठी एक स्पर्धा असते. कविता लिहायला कान किंवा पाय थोडेच लागतात, मग वेगळी चूल कशासाठी?

लिहायला कान लागत नाहीत हे अगदी खरं. मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, सहाव्या वर्षापासून यंत्र लावते, आणि मी वृत्तात लिहिते. भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचं वृत्त, मला बाबांनी तळहातावर शिकवलं. लघूला बोटाचं टोक, गुरूला अख्खा पंजा. एक हलका, दोन जड, असं चार वेळा. बारा अक्षरं झाली की ओळ संपली. वर्गातली मुलं मनाचे श्लोक एका सुरात म्हणायची तेव्हा मी बाकावर बोटं आपटत असायचे, आणि ओळीतला विराम चुकला, म्हणजे यतिभंग झाला, की तो कोणाच्याही आधी माझ्या बोटांना कळायचा.

अडतं ते लिहून झाल्यावर. कॉलेजात असताना एका स्पर्धेत उतरले होते. नियम साधा होता: आपली कविता आपणच म्हणायची, तीन मिनिटं, घंटा वाजली की थांबायचं. घंटा मला ऐकूच आली नाही. पुढे बसलेल्या मैत्रिणीने हात हलवला तेव्हा थांबले. गुणांमध्ये आशयाला जितके, तितकेच उच्चार आणि आरोह-अवरोहाला. माझे ‘स’ आणि ‘श’ आजही एकमेकांत मिसळतात, कारण यंत्रातून ते मला जवळजवळ सारखेच येतात. नंतर एक परीक्षक जवळ येऊन अगदी मायेने म्हणाले, कविता सुंदर आहे, फक्त उच्चारांवर मेहनत घे. त्यांचा राग नाही आला. पण त्या दिवशी गुण माझ्या कानांना मिळाले होते, कवितेपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.

तुम्ही म्हणताय ती स्पर्धा बहुधा डिसेबल्ड पोएट्स प्राइझ. जेमी हेल या कवीने ती सुरू केली, 2023 पासून ती चालू आहे, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बहिऱ्या व अपंग कवींसाठी आहे. तिच्यात लिहिलेल्या एका कवितेला बक्षीस आहे, कवितांच्या छोट्या अप्रकाशित पुस्तिकेला आहे. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सादर केलेल्या कवितेचा विभाग, कारण तिथे कविता इंग्रजीत चालते तशीच ब्रिटिश सांकेतिक भाषेतही चालते.

सांकेतिक भाषेतली कविता म्हणजे लिहिलेल्या कवितेचे हातवारे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. ती हातांतच सुचते, कागदावर येतच नाही. तिलाही यमक असतं: हाताचा एकच आकार ओळीमागून ओळीत परत येतो, खूण बदलते, अर्थ बदलतो, आकार तोच. लय असते, दोन्ही हातांचा तोल असतो. डोरोथी माइल्स ही वेल्समध्ये 1931 साली जन्मलेली कवयित्री. मेंदूज्वराने आठव्या वर्षी तिचं ऐकणं गेलं. पुढे तिने इंग्रजी आणि सांकेतिक भाषा या दोन्हींत एकाच वेळी उभ्या राहतील अशा कविता रचल्या. तिचं निधन 1993 चं. ब्रिटिश सांकेतिक भाषेला कायद्याने मान्यता मिळाली ती थेट 2022 मध्ये. तोवर कितीतरी कविता कुठल्याही परीक्षकासमोर न जाता हवेतच विरल्या असतील.

‘बहिरे आणि अपंग’ असे दोन शब्द का, हेही यातच आलं. सांकेतिक भाषेत वाढलेले अनेक बहिरे लोक स्वतःला अपंग मानत नाहीत. आमची भाषा वेगळी आहे, एवढंच, असं ते म्हणतात. मला ते पटतं, जरी मी स्वतः मराठीत वाढले आणि खुणांची भाषा तिशीनंतर शिकले. ‘अपंग’ या शब्दाबद्दलही ब्रिटनमधल्या अपंगांच्या चळवळीची 1970 च्या दशकापासूनची भूमिका अशी की, माणसाला अडवतात त्या पायऱ्या, ते फॉर्म, ती घंटा. म्हणून तिथले कवी तो शब्द न लाजता वापरतात.

खरा कवी खुल्या स्पर्धेतही जिंकेलच, असं तुम्ही म्हणाल. जिंकतातही. रेमंड अँट्रोबस या बहिऱ्या कवीने 2019 मध्ये टेड ह्यूज पुरस्कार आणि रॅथबोन्स फोलिओ पुरस्कार दोन्ही मिळवले. पण त्याला ऐकू येत नाही हे सहाव्या वर्षी उमगेपर्यंत मोठ्यांना वाटत होतं की या मुलाला शिकणंच जमत नाही. सहाव्या वर्षीही ज्यांचं कोणाला उमगलं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. शिक्का बसण्याची भीती मात्र मीही नाकारत नाही. ‘अपंगांमध्ये पहिली’ असं कोणी म्हटलं की मला आजही टोचतं. तरीही मी ब्रिटनमध्ये राहत असते तर या वेगळ्या स्पर्धेला कविता पाठवली असती, कारण निदान वाचणाऱ्याने आधी कविता वाचली असती.

मागच्या पावसाळ्यात कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत गेले होते. आठवीतल्या एका मुलीने पाची बोटं पसरून पाऊस खाली आणला, तीच बोटं उलटी करून जमिनीतून रोप वर काढलं, आणि तीच पाची बोटं शेवटी आजीचा हात होऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवली. एक आकार, तीन खुणा. बाईंनी मला विचारलं, ही कविता कुठल्या स्पर्धेला पाठवू? आपल्याकडचे जे फॉर्म मी पाहिले त्यांत कविता कागदावर मागतात, नाहीतर म्हणून दाखवायला सांगतात. त्यांना अजून उत्तर देता आलेलं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी स्पर्धा भरवत असेल आणि व्हिडिओवर कविता घेणार असेल, तर इथे खाली जरूर लिहा.