शाळांच्या नाटकांसाठी सेट बनवण्याचा छोटा व्यवसाय चालेल का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की सुतारकाम येतं, हौशी नाटकांत बॅकस्टेजही बरंच केलंय, आणि आता शाळांच्या गॅदरिंगसाठी व बालनाट्यांसाठी सेट करून द्यायचा व्यवसाय काढायचाय. मी सांगलीत हेच काम करतो आणि शाळा हेच माझं मुख्य गिऱ्हाईक आहे. धंदा चालतो. फक्त तो सुतारकामावर कमी आणि गोदामावर जास्त चालतो, हे आधीच डोक्यात घ्या.

शाळेने राजवाडा सांगितला, तुम्ही नवा बनवून विकला, तर शाळेला त्याचे पैसे जड जातात आणि तुम्हाला मजुरीपलीकडे फार उरत नाही. गॅदरिंग झालं की तो राजवाडा प्रयोगशाळेच्या मागे धूळ खात पडतो, पुढच्या वर्षी शाळा तुम्हाला बोलावत नाही. त्याऐवजी सामान तुमचं ठेवा आणि भाड्याने द्या. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचं गणित हेच होतं. एक महालाचा पडदा, एक रस्त्याचा, एक जंगलाचा, आणि त्यावर सगळी नाटकं निभावायची. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगवलेले पडदे गाजले ते याच काळात. तुमच्याकडे साधे, कोणत्याही नाटकात बसतील असे फ्लॅट (कापड ठोकलेल्या लाकडी चौकटी), लेव्हल (वर उभं राहता येईल असे चौथरे), दोन दारं, एक खिडकी, एक कमान एवढं चांगलं असलं की त्यातून राजवाडा, वर्ग, झोपडी आणि दवाखाना सगळं उभं राहतं. माझा हिशेब असा की एका फ्लॅटची किंमत चार भाड्यांत सुटली पाहिजे. त्यानंतरची कमाई खरी.

फ्लॅट नीट बांधा, कारण सगळं त्यावर आहे. माझे फ्लॅट 8 फूट बाय 4 फुटांचे असतात, काही 2 फुटी. दोन बाय एक इंचाची पाइनची रीप, कोपऱ्यांना 6 मिमी प्लायचे त्रिकोण, वर कोरा मांजरपाट. कापड ठोकताना फार ताणू नका. खळ लावली की वाळताना ते आपोआप आवळतं आणि टिचकी मारली तर ढोलकीच्या पानासारखं वाजतं. आधीच ताणून ठोकलेलं असेल तर चौकट पिळते आणि तो फ्लॅट पुन्हा कधीच सरळ उभा राहत नाही. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर पावसाळ्यात उंदीर आणि झुरळं खळीच्या वासाने कापड कुरतडतात. मोरचूद विषारी असतं, म्हणून खळीचं भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नका. रंग सुक्या डिस्टेंपरचा, पण त्यात फेविकॉल हवंच. नुसत्या डिस्टेंपरचा रंग मुलांच्या कपड्यांना लागतो, आणि ते कपडे बहुतेक वेळा भाड्याचे असतात. प्लॅस्टिक पेंट टाळा. तो दिव्याखाली चकाकतो, आणि त्याचे थरावर थर चढले की फ्लॅट जड होऊन पोपडे निघतात.

फ्लॅट एकमेकांना खिळ्यांनी जोडू नका, पिनच्या बिजागऱ्या लावा. पिन ओढली की जोड सुटते. मागून तिरका टेकू आणि टेकूच्या पायाशी वाळूची पिशवी. शाळेच्या स्टेजला लाद्या नाहीतर कोबा असतो, तिथे खिळा ठोकायचा प्रश्नच नाही. मैदानावरच्या उघड्या स्टेजवर तर प्रत्येक फ्लॅटला दोन टेकू द्या आणि वरून मंडपाच्या पाइपाला दोरीने बांधा. डिसेंबरात संध्याकाळी वारा सुटला की मांजरपाट तो वारा अख्खाच्या अख्खा धरतो, आणि खाली मुलं असतात.

आता मापं. मोठ्यांच्या नाटकाचा सेट उचलून शाळेत लावणारे पुष्कळ आहेत, आणि तिथेच तुम्हाला वेगळं काम करून दाखवता येईल. साधी खुर्ची 18 इंच उंच असते. तिसरीतला राजा त्या उंचीच्या सिंहासनावर बसला की पाय लोंबकळतात, आणि मग तो नाटकभर पाय हलवत बसतो, संवाद कितीही पाठ असोत. सिंहासनाची बैठक 13-14 इंचांवर घ्या, पाठ मात्र हवी तेवढी उंच करा. तो मुलगा ताठ बसतो आणि खरोखर राजा दिसतो. दार साडेसहा फुटांचं ठेवलं तर त्यातून येणारं पोर हरवून जातं. 5 फुटांचं केलं की तेच पोर स्टेज भरतं. (राक्षसाचं घर असेल तर उलट करा, तिथे मोठं दारच हवं.) पायरी 6 इंचांपेक्षा उंच नको. लेव्हलवर 18 मिमी प्लाय आणि खाली आडव्या पट्ट्या दाट. बाई सांगतील की वर एकच मुलगी उभी राहणार आहे. शेवटच्या गाण्याला सगळा वर्ग वर चढतो आणि उड्या मारतो, हे धरूनच लेव्हल बांधायची. कडांना पांढरी चिकटपट्टी लावा, अंधारात पाय चुकत नाही.

सेट मुलांनीच हलवायचा, हा माझा आग्रह आहे. सातवीतल्या दोघांना सहज उचलता येईल एवढंच वजन ठेवतो, प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर मोठे आकडे घालतो आणि स्टेजवर रंगीत खडूने जागा आखून देतो. सांगलीजवळच्या एका शाळेत आठवीतल्या एका मुलीला नाटकात काम मिळालं नव्हतं, म्हणून तिच्याकडे बिजागऱ्यांच्या पिना दिल्या. तिने सगळ्या पिना ओढणीच्या टोकात बांधल्या होत्या. काळोख झाला की गाठ सोडायची, दोन पिना काढायची, फ्लॅट वळला की परत बसवायची, आणि उरलेल्या मुठीत धरून पुढच्या प्रवेशाची वाट बघायची. संवाद म्हणणाऱ्या मुलांइतकंच ते नाटक तिचं होतं. शाळेतल्या नाटकाला माणसं भाड्याने आणून सेट हलवला तर हे होत नाही, म्हणून मी माझी माणसं फक्त उभारणीला आणि उतरवायला ठेवतो.

आगीबद्दल कुणी विचारणार नाही, तुम्हीच सांगा. मांजरपाट पटकन पेटतो. दोन लिटर गरम पाण्यात साधारण 200 ग्रॅम टाकणखार आणि 85 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून रंगाआधी कापडाला पाजायची. वाळलेली चिंधी मोकळ्या जागेत काडीने पेटवून बघायची, काडी बाजूला घेतली की जाळ विझला पाहिजे. फ्लॅट भिजला तर हे धुऊन जातं, पुन्हा लावावं लागतं. थर्माकोलला हात लावू नका. राज्यात 2018 च्या बंदीपासून सजावटीचा थर्माकोल बंद आहे, आणि तो पेटला की धूर फार वाईट. सेटमध्ये दिवे बसवायचे तर 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्याच लावा.

स्पर्धा कुणाशी आहे तेही ओळखून असा. आज अर्ध्या शाळा एलईडी वॉल मागवतात, बाकीच्या फ्लेक्स लावतात. नाचांना एलईडी वॉल छान दिसते, त्यात मी वाद घालत नाही. पण त्या वॉलमधलं दार उघडत नाही. नाटकातल्या मुलाला दार लोटून आत यायचं असतं, खिडकीतून डोकवायचं असतं, झाडामागे लपायचं असतं. हात लागेल अशी वस्तू समोर आली की मुलं वेगळ्याच तऱ्हेने काम करतात. मुख्याध्यापकांना हे तोंडी पटत नाही. एक दार आणि दोन फ्लॅट तालमीला फुकट नेऊन लावा, मग बघा.

हंगाम छोटा आहे. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन झाला की फोन वाजायला लागतात, आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. एकाच शनिवारी तीन शाळांना तुम्ही हवे असता. सामान असेल तेवढ्याच तारखा घ्या. बालनाट्य स्पर्धांना सेट लावायला आणि काढायला मोजका वेळ मिळतो, तेव्हा नियमावली हातात आल्याशिवाय आराखडा काढू नका. मे महिन्यात नाट्यशिबिरं, भाद्रपदात गणपतीच्या आराशी, अधूनमधून विज्ञान प्रदर्शनाचे स्टॉल, यावर बाकीचं वर्ष निघतं. पावसाळा दुरुस्तीचा. फ्लॅट आडवे रचू नका, जमिनीपासून वर फळ्यांवर उभे ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

पैशांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून टाका. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. बिल संस्थेच्या नावाने द्या. रक्कम मोठी असेल तर संस्था टीडीएस, म्हणजे बिलातूनच आयकर, कापते, तो रिटर्न भरताना वळता होतो. निम्मे पैसे तारीख ठरताना आणि उरलेले सेट उभा राहिल्यावर, नाटकाआधी. गॅदरिंग झाल्यावर बिल संस्थेच्या बैठकीत जातं आणि बैठक कधी भरेल ते कुणाच्याच हातात नसतं.

पहिल्या वर्षी डझनभर फ्लॅट, सहा लेव्हल, दोन दारं एवढंच करा आणि जुलै-ऑगस्टमध्ये शाळांत फिरा. तेव्हा सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांना बोलायला वेळ असतो. टेप घेऊन जा. स्टेजआधी फाटक, जिना आणि स्टेजमागचं दार मोजा. छोटा हत्ती टेम्पोत 8 फुटी फ्लॅट थोडा बाहेर येतो पण बसतो, शाळेच्या जिन्याच्या वळणावर मात्र अडकतो, आणि अशा शाळेसाठी 8 फुटीचे दोन तुकडे बिजागरीवर करावे लागतात. मग कार्यक्रमपत्रिका मागा. नाटक दोन नाचांच्या मध्ये टाकलेलं असेल तर सेट लावायला निवेदकाच्या चार वाक्यांएवढाच वेळ मिळतो. ते बक्षीस समारंभानंतर ठेवायला सांगा. पुढे पडदा ओढून भाषणं आणि बक्षिसं चालू राहतात, मागे तुम्हाला चांगला अर्धा तास मिळतो. ठोकाठोकी तेवढी आधीच उरकलेली असू द्या, पाहुण्यांच्या भाषणात हातोडीचा आवाज गेला तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही.