प्रोग्रामर नसताना ईमॅक्स (संगणकावर मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्राम) शिकण्यात अर्थ आहे का?
आहे भाऊ, पण पहिला महिना चिडचिडीचा जाईल हे धरून चला. मी रावेरला केळीच्या खरेदीचा हिशेब लिहितो, कोडिंगशी माझा संबंध शून्य.

सुरुवात ऑर्ग मोडपासून, म्हणजे ईमॅक्समधल्या टिपणं-तक्त्यांच्या सोयीपासून करा. साध्या मजकुरातच उभ्या रेघा देऊन तक्ता मांडायचा: शेतकरी, क्विंटल, भाव, रक्कम. खाली सूत्राची एक ओळ, चौथा रकाना म्हणजे दुसरा गुणिले तिसरा. भाव बदलला की सूत्राच्या ओळीवर जाऊन कंट्रोल-सी दोनदा, रकमा नव्या.

पण मला खरं बांधून ठेवलं ते मॅक्रोने, म्हणजे एकदा दाबलेल्या कळा लक्षात ठेवून पुन्हा तशाच चालवण्याच्या सोयीने. व्हॉट्सअ‍ॅपवर वजनाची यादी येते, तीही वेडीवाकडी. एफ-३ दाबून पहिली ओळ नीट करतो, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो, एफ-४ दाबतो. त्यानंतर दर एफ-४ ला एक ओळ सुधारते. ४० ओळी चहा निवायच्या आत.

मराठीसाठी देवनागरी-आयट्रान्स ही इनपुट मेथड (इंग्रजी अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवायची सोय) आतच मिळते.

दुसऱ्याची लांबलचक इनिट फाइल (ईमॅक्स उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) मात्र उचलून चिकटवू नका. मी चिकटवली होती, ऐन हंगामात चुकांचा पाढाच सुरू झाला. तसं झालंच तर ईमॅक्स सुरू करायच्या आज्ञेला हायफन-क्यू जोडून उघडा, म्हणजे ती फाइल वाचलीच जात नाही.