त्यांना हॉटेल चालवायचंय की हॉटेलात राहायचंय?

"माझे पती ५१ वर्षांचे आहेत. आम्ही दरवर्षी सुट्टीला जातो तिथलं एक आठ खोल्यांचं हॉटेल विक्रीला निघालंय. नोकरी सोडून ते घ्यायचंच, असं त्यांनी धरून ठेवलंय. मी पैशांचं विचारलं की म्हणतात, 'तुला प्रत्येक गोष्टीत हिशेबच दिसतो.' चांगली नोकरी सोडून माणसाला हे का करावंसं वाटतं?"

ताई,

तुम्ही पैशांचं विचारता आणि ते चिडतात, कारण त्यांच्या मनात पैसा पहिला नाहीच. यात ते एकटे नाहीत. डॉन गेट्झ आणि जॅक कार्लसन यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागातल्या पर्यटन व्यावसायिक कुटुंबांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्यातही नफ्यापेक्षा आवडत्या जागी राहणं आणि मनासारखं जगणं याच इच्छा वरचढ दिसल्या. काही जण चक्क वैतागूनही या धंद्यात उतरतात. अमेरिकेतले केमन्स विल्सन १९५१ साली बायकामुलांना घेऊन मोटारीने फिरायला निघाले. वाटेतल्या मोटेलांनी मुलांचे वेगळे पैसे लावले, याचा त्यांना संताप आला आणि १९५२ मध्ये त्यांनी मेम्फिस शहरात 'हॉलिडे इन' या हॉटेल साखळीचं पहिलं हॉटेल उघडलं. अर्थात, विल्सन आधीपासूनच बांधकाम व्यवसायात मुरलेले होते!

तुमच्या यजमानांना नक्की काय हवंय, हे मात्र पत्रातून कळत नाही. माणसांची ये-जा, कुणाची तरी नीट सोय लावून देणं, हे त्यांना मनापासून आवडतं का? घरी पाहुणे आले की ते खुलतात की खोलीत जाऊन बसतात? इतक्या वर्षांच्या संसारात हे तुम्हाला ठाऊक असणारच. की त्यांना फक्त साहेबापासून सुटका हवी आहे? तसं असेल तर अवघड आहे. हॉटेलात रोज नवे साहेब बॅगा घेऊन येतात, आणि त्यातला एखादा रात्री दोनला गरम पाणी नाही म्हणून दार वाजवतो.

शिवाय ती जागा त्यांनी पाहिली आहे ती फक्त सुट्टीत, पाहुणा म्हणून. आठ खोल्या म्हणजे वर्षाला २,९२० रात्री विकायच्या. निम्म्या भरल्या तरी १,४६० रिकाम्या, आणि रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र ऑफ सीझनलाही येतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तीच मला जास्त खटकते आहे. चादरी कोण बदलणार? अशी छोटी हॉटेलं बहुतेकदा घरच्यांच्या बिनपगारी कामावर तगतात, आणि त्यांनी तुम्हाला गृहीत धरलंय असा मला दाट संशय आहे. तेव्हा 'परवडेल का?' हे तूर्त बाजूला ठेवा. 'माझा दिवस कसा असेल, ते सांगा' असं विचारा. उत्तर सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंतचं हवं.

मग त्यांना नोकरीतून बिनपगारी रजा घ्यायला सांगा. गर्दीच्या दिवसांत कुणाच्या तरी छोट्या हॉटेलात महिनाभर पडेल ते काम करू द्यात. शक्य झालं तर तुम्हीही थोडे दिवस जा. कोण जाणे, तुम्हालाच आवडेल. त्यानंतरही त्यांचा हट्ट कायम असेल, तर ते हॉटेल आधी भाडेकराराने चालवायला मिळतं का, ते पाहा.

राहतं घर तारण ठेवायची भाषा निघाली, तर हे सगळं होईपर्यंत कशावरही सही करू नका.