नोकरी सांभाळून चित्रे काढणाऱ्याने पूर्ण वेळ चित्रकार केव्हा व्हावे?

वय ३४, कायम नोकरी, कला महाविद्यालयाची पदवी नाही आणि दहा वर्षे भलत्याच कामांत गेलेली. अशा माणसाने आता चित्रकलेवर पोट भरण्याचा विचार करावा का, असे तुम्ही विचारले आहे. पदवी माझ्याकडेही नाही, परंतु गेली सात वर्षे मी नाशिकमध्ये चित्रांवरच घर चालवतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या, तेवढ्यावरच माझे चित्रकलेचे शिक्षण थांबले. सुट्टीत मी भद्रकालीतल्या एका पेंटरकाकांकडे दुकानांच्या पाट्या रंगवायला जात असे. खडू लावलेल्या दोरीने रेघा मारायच्या आणि अक्षराचा फराटा एका दमात उतरवायचा, कारण ऑइलपेंटवर पुन्हा हात फिरवला की कड बिघडते, हे तिथे अंगवळणी पडले. पुढे फ्लेक्स आला आणि काकांचे दुकान बंद झाले. मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षे यंत्रभागांचे आराखडे काढले.

रविवारी पहाटे गोदाघाटावर जलरंगात काम करणे मात्र सुटले नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे नाशिकला निसर्गचित्रणाची सवय आहे, त्यामुळे घाटावर कागद मांडून बसलेल्या माणसाचे इथे कोणाला नवल वाटत नाही. अडचण निराळीच होती. रामकुंड, नारोशंकराचे देऊळ, दुतोंड्या मारुती हे विषय इतक्या जणांनी इतके चांगले रंगवले आहेत की माझेच चित्र विकत घ्यावे, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

मग पंचवटीतला ओळखीचा एक वाडा पाडायचा ठरला आणि त्या घरच्या आजींनी त्याआधी त्याचे चित्र मागितले. मी सवयीने टेप घेऊन गेलो, चौकाची, खांबांची, महिरपींची मापे घेतली आणि आराखडा बेतून त्यावर जलरंग चढवले. जलरंगात उजेड हा कोऱ्या ठेवलेल्या कागदाचाच असतो आणि फराटा दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे पाट्यांवर बसलेला हात तिथे उपयोगी पडला. वाड्याचे वाटेकरी पाच होते. चित्र पाहून प्रत्येकाने आपापली प्रत मागितली. (वाटणीवरून एकमेकांशी न बोलणारे भाऊ चित्राबाबत एकमताचे होते.) त्यानंतर पाडायला निघालेल्या वाड्यांची कामे एकाकडून दुसऱ्याकडे कळत माझ्याकडे येऊ लागली.

अशा वाटेचे उदाहरण म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसाने मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकून गोध्र्याला फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालवला आणि १९१३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, पहिला चित्रपट दाखवला. मात्र त्यांची अखेरची वर्षे नाशिकमध्येच आर्थिक ओढगस्तीत गेली, हेही त्यासोबत सांगायला हवे, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग पैशांचा आहे.

नोकरी केव्हा सोडावी याची माझी कसोटी साधी होती. नातेवाईक आणि मित्र यांनी घेतलेली चित्रे मी हिशेबात धरली नाहीत. अनोळखी माणसांकडून आलेल्या कामांतून सलग अठरा महिने घरखर्च निघाला, तेव्हा राजीनामा दिला. तोवर एक ठेचही लागली होती. एका हॉटेलने सहा चित्रे भिंतीवर लावून पैसे चौदा महिने अडकवले. तेव्हापासून निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय मी मापे घ्यायलाही जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नये.

पूर्ण वेळ म्हणजे दिवसभर चित्र काढणे, असे तुमच्या मनात असेल तर ते मात्र काढून टाका. माझा रंगांचा वेळ सकाळचे चार तास. उरलेला दिवस फ्रेमवाला, कुरिअर, बिले आणि ‘पावसाळ्याआधी मिळेल ना?’ असे विचारणारे फोन यांत जातो. शनिवारी मी मुलांना एलिमेंटरीची तयारी करून देतो. कामे कमी येणाऱ्या पावसाळ्यात घराचे भाडे त्याच फीमधून निघते.